कातडीखालची मूठ

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या ऊसमळ्यांत जन्म घालवलेला डेस हॅनलन दवाखान्यात उघड्या पाठीने पालथा पडला होता. डॉक्टर रोंडा कियो दिव्याच्या भिंगातून त्याचे तीळ तपासत होती. या भिंगाने न कापता, न टोचता कातडीच्या आतलं दिसायचं.

"काय गं, सापडला का कॅन्सर? लवकर सांग, बिअर गरम होतेय."

"गप्प पडून राहा, डेस. उन्हात उघडा हिंडायचास तेव्हा नव्हती घाई!"

मणक्याशेजारच्या तिळाखाली तिला बोटाचं टोक दिसलं. ते आतून कातडीला टेकलेलं होतं. भिंग सरकवलं तसं दुसरं बोट दिसलं, मग तिसरं, मग अख्खा तळवा. तिने भिंग उचललं. वर नुसती रापलेली पाठ होती.

तिने पुन्हा भिंग टेकवलं. आता त्या हाताची मूठ वळली होती.

"डेस, इथे दुखतंय?"

"छे!"

तेवढ्यात आतून ठोसा बसला. पाठ टरारून वर आली आणि बरगडी मोडल्याचा आवाज झाला.

"मारू नकोस, रोंडा!" डेस किंचाळला. दुसऱ्या ठोशाला त्याच्या तोंडातून रक्त आलं.

"मी नाही मारत!" म्हणत तिने तो फुगवटा तळहाताने जिवाच्या आकांताने दाबून धरला.

ठोसे थांबले. तळहाताखाली मूठ हळूहळू उघडली. कातडीसकट पाच बोटं तिच्या बोटांत घट्ट अडकली, आणि तिला आत ओढू लागली.