पाठ केलेलं गाव

“पुन्हा सांग. जन्म कुठला?”

“देऊळगाव राजा.”

“कुठल्या गल्लीत?”

“बालाजीच्या देवळामागं.”

“वडील?”

“शिंपी. मशीन दारातच राहे.” खैरुन्निसाने पदराने गळा पुसला. “खोटं बोलताना घसा सुकते माहा, बाई.”

“सुकू दे. पण थांबू नकोस,” पद्मजाबाई म्हणाल्या. “थांबलीस की त्याला संशय येईल.”

धामणगाव बढ्यातल्या त्या गल्लीत दोघींची घरं भिंतीला भिंत लावून उभी होती. नवरा गेल्यापासून खैरुन्निसा गाद्या भरून पोट भरत होती. पद्मजाबाई शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. एवढी वर्षं इथे काढूनही त्यांच्या जिभेवर वऱ्हाडी चढली नव्हती. पुस्तकातल्यासारखं बोलत, जपून, स्वच्छ.

पोलिसांकडे कुणीतरी निनावी तक्रार केली होती. पूर्वेकडे एका देशातून दुसरा देश फुटून निघाला, त्या सालच्या निर्वासितांच्या लोंढ्यातली एक पोर आज या गल्लीत बाई होऊन नांदते आहे, असं त्यात होतं म्हणे. तक्रारीतलं नाव गल्लीला ठाऊक नव्हतं. गल्लीने ते आपल्या मनानेच ठरवलं. कालपर्यंत कापूस घेऊन येणारी माणसं आता खैरुन्निसाच्या दारापुढून पावलं उचलत निघून जात. वच्छलाबाईने तर अर्धवट भरलेली उशी परत मागून नेली.

आणि आज जमादार जबाब घ्यायला येणार होता.

खैरुन्निसाच्या छातीत भीती कापसासारखी पिंजली जात होती. पिंजावी तितकी फुगत होती. एक शब्द चुकला की दारात गाडी उभी राहील. एका बाईला तिच्या चुलीपासून उचलतील आणि तिला आठवतही नाही अशा कुठल्याशा नदीकाठी नेऊन सोडतील.

“पन घटनेत काही तरी असंन ना, बाई? तुमीच तं शिकवत होत्या.”

“पाचव्या कलमापासून अकराव्यापर्यंत सगळं पाठ आहे मला.” पद्मजाबाईंचा आवाज खाली आला. “म्हणून तर भीती वाटते, खैरुन.”

त्यांच्यापुढच्या चहावर साय धरली होती.

दुपारी जमादार दयाराम आला. पद्मजाबाईंना तिथे पाहून जरा ओशाळला.

“तुमी मले नापास केलं होतं, बाई. नागरिकशास्त्रातच.”

“पेपर कोरा दिला होतास.”

“आता भरून राह्यलो पाहा कागद.” तो हसला, त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. “तुमी जरा ओट्यावर बसा. जबाब एकेकाचाच घ्या लागते.”

पद्मजाबाई उठल्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी एकदा मागे पाहिलं. त्यांच्यामागे दार लोटलं गेलं आणि खोलीतला उजेड अरुंद होत होत विझला.

“हां, सांगा. जन्म?”

“देऊळगाव राजा.”

गल्ली, देऊळ, दारातली शिलाई मशीन. शब्द एकामागून एक, घोटल्याप्रमाणे आले. एकही अडखळला नाही. जमादाराने पेनाला टोपण लावलं.

“एक राह्यलंच,” उठता उठता तो म्हणाला. “आखाजीच्या सणाले सारं गाव आपापल्या लेकी माहेरी आनते. मंग माहेराहून न्यायले कोन ये?”

हे पाठांतरात नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे कोरी भिंत उभी राहिली. थांबायचं नाही, एवढंच तिला आठवलं.

“चुलतभाऊ,” ती म्हणाली. “दरसाल ये. उंच होता, लंगडत चाले. मंग वारला.”

“बरं.”

जमादाराने टोपण काढून तेवढं लिहून घेतलं. मग त्याने दार उघडलं आणि ओट्याकडे आवाज दिला.

“या आत, पद्मजाबाई. शेजारनीनं तुमच्या माहेराचं सारं सांगतलं. आता तुमी सांगा, आखाजीले तुमाले न्यायले कोन येत होतं?”