ठरल्या वेळचा धक्का

भूकंपाची वेळ आधी कळू लागल्यापासून डोंगरवाडीच्या बायका मांडणीवरची भांडी उतरवून, मुलाबाळांना घेऊन निवांत अंगणात बसत. आजही धक्का ठरल्या वेळी आला. भिंती तडकल्या, पण माणूस एकही दगावला नाही. अंदाज बरोबर आला की वेधशाळेचे प्रमुख सबनीस पेढे वाटत. आजचे पेढे तर त्यांनी सकाळीच आणून ठेवले होते.

वेधशाळेत काम करणाऱ्या मृदुला खरातने पेढा हातातच धरला. पडद्यावर सगळ्या भूकंपमापन केंद्रांचे आलेख होते आणि प्रत्येकाची पहिली रेघ वरच गेली होती.

“सर, रेघ वर गेली म्हणजे जमीन ढकलली गेली. भूकंपात ती एकीकडे ढकलली जाते, दुसरीकडे ओढली जाते. चहूबाजूंनी नुसती ढकलली जाते ती स्फोटात. खाली कोणी अणुबॉम्ब उडवतंय?”

सबनीसांनी दार लोटून घेतलं.

“तुम्ही अंदाज काढतच नाही,” ती सावकाश म्हणाली. “तुम्हाला तारीख कळवतात.”

“हट्टाने मागून घेतली मी ती,” सबनीस म्हणाले. “तुझी आई डोंगरवाडीतच राहते ना? तू हे बाहेर बोललीस, तर स्फोट थांबणार नाहीत, मृदुला. तारीख कळायची तेवढी बंद होईल.”