गळाचा पल्ला
दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून त्याने खेळाचा पट आवरला नव्हता. डाव अर्धा सोडून ती ॲडमिट झाली होती, आणि पटावरची तिची अंतराळवीर यानातून निसटून बाहेर तरंगत होती. आज मेहुण्याला खेळ चालवायला बसवून त्याने यानातल्या आपल्या अंतराळवीराकडून तिच्या दिशेने दोरीचा गळ सोडला. “पोचला, भाऊजी,” मेहुणा अंतर न मोजताच म्हणाला. “लाड नकोत. गळाचा पल्ला वीस मीटर, अंतर पस्तीस. तुझ्या ताईने असलं चालू दिलं असतं का?” “मग तिची हवा संपणार.” “कशाला? तिच्याकडेही गळ आहेच की. तिनेही सोडला तर?” मेहुण्याने डोकं खाजवलं. “मध्येच अडकतील एकमेकांत. पण फाशांवर नवाच्या वर पाहिजे.” तिचे फासे नवऱ्यानेच टाकले. दहा आले. दोघांचाही जीव भांड्यात पडला. तिला यानात ओढून घ्यायचं अजून राहिलं आहे.