शोकेसमधली शालन

संकेश्वरच्या फोटोस्टुडिओला पन्नास वर्षं झाली, म्हणून मालक नागराजनं साठीतल्या शालनला हार घालून पाहुण्यांसमोर बसवलं. शोकेसमध्ये तिचाच सोळाव्या वर्षीचा फोटो होता. "आक्का, वडलांनी काढलेला सगळ्यात देखणा फोटो हाच," तो कौतुकानं म्हणाला. शालन ताडकन उठली. "दहावीच्या फॉर्मला काढलता मी. तुझ्या वडलांनी मोठा करून रस्त्याकडं लावला. पोरं काचेपुढं शिट्ट्या मारायला लागली. आमच्या आप्पांनी शाळा बंद केली माझी! परीक्षेआधीच लगीन लावलं." "पण आक्का, वडलांच्या मनात वाईट नव्हतं." "माझं मन कुणी बघितलं?" शालननं हार टेबलावर ठेवला, काच सरकवली आणि फोटो उतरवला. "अहो आक्का, विचारून तरी..." "लावताना मला कुणी इचारलं न्हाय, काढताना मीबी इचारणार न्हाय." फोटो काखेत मारून शालन निघाली.