पंजाबरावांचा कोट

पंजाबरावांना कोट चढवला, तोवर कॉम्प्युटर बरा होता. फेटा ठेवला आणि पडदा गोठला.

"थांबा जरा," गोपाल म्हणाला. बार्शीटाकळीत फ्लेक्सचं दुकान तो एकटाच चालवायचा. तेरवीच्या श्रद्धांजली-फ्लेक्सवर माणूस कोट-फेट्यातच हवा, हे त्याला गिऱ्हाइकांनीच शिकवलं होतं. जन्मभर बनियनवर हिंडलेले लोक त्याच्या दुकानातून साहेब होऊन बाहेर पडत.

समोरच्या बाकावर पंजाबरावांच्या पत्नी वच्छलाबाई बसल्या होत्या. शेजारी दीर खुशालराव उभे होते. तेरवी उद्यावर आली होती.

"त्यायनं जलमात कोट घातला नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "दुपट्ट्यातच राहू द्या ना, भाऊजी."

"वैनी, चौकात लागनार हाय हे. चार गावचे लोकं पाहतीन. दादा का उघडा पडला होता काय?"

फोटो मात्र देखणा होता. सुनेनं नव्या मोबाइलवर झेंडूच्या वावरात काढलेला. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, हातात फुलांची टोपली, आणि पंजाबराव चक्क हसत होते. कॅमेरा दिसला की तोंड फिरवणाऱ्या माणसाचा हा एकुलता एक फोटो. सकाळी मोबाइल पुढे करून वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "काढून घ्या त्यातून. मोबाइल भरला म्हंते सून." गोपालनं खरंच काढून घेतला. कॉपी केली नाही, मोबाइलमधून उचलून कॉम्प्युटरवर ठेवला आणि घाईत त्याच फाइलवर काम सुरू केलं. धंद्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसानं करू नये ते नेमकं केलं.

फाइल भली मोठी होती. फ्लेक्सला एवढी लागत नाही, हे त्याला कळत होतं. पण लहान केली की मिशी पुसट व्हायची, आणि खुशालरावांना भावाच्या मिशीचा केस न् केस हवा होता.

गोपालनं बाकीचं सगळं बंद केलं. मशीन बंद करून चालू केली. जुन्या लग्नांचे अल्बम पुसून जागा केली. आता कोट बसला, फेटाही बसला.

"हार मोठा टाक," खुशालराव म्हणाले.

हार टाकला. खाली शोकाकुल मंडळींची नावं टाकली. मशीनचा पंखा घरघरायला लागला. गोपालनं सेव्ह दाबलं. पट्टी अर्ध्यावर गेली आणि पडदा काळा झाला.

मशीन पुन्हा सुरू झाली तेव्हा मूळ फोटो उघडेना. कॉम्प्युटरनं कशीबशी वाचवलेली एक प्रत पुढे केली. तिच्यात कोट होता, फेटा होता, हार होता, नावं तर सगळी होती. फेट्याच्या खाली आणि कॉलरच्या वर नुसते राखाडी-पांढरे चौकोन होते.

"तोंड कुठी हाय?" खुशालरावांनी विचारलं.

गोपालनं मोबाइल उलटापालटा करून फोटो शोधला, सापडला नाही. "कोनाले पाठवला होता काय, काकू?"

"त्यायनं पाठवू देल्ला नाई."

खुशालराव पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "कोट काढून टाक."

फाइलच्या नावाशेजारी नखाएवढं चित्र तेवढं उरलं होतं. त्यात कोट नव्हता. दुपट्टा होता, टोपली होती, हसूही होतं. गोपालनं त्यावर बोट ठेवलं.

वच्छलाबाई उठून जवळ आल्या. पदरानं हात पुसला. सुनेनं मोबाइलवर शिकवलं होतं, तशी दोन बोटं त्यांनी त्या चित्रावर टेकवली आणि फाकवली. पुन्हा टेकवली, पुन्हा फाकवली.

"बाबू," त्यांनी विचारलं, "हे मोठे काहून होऊन नाई राहिले?"