वारा नेईल तिकडे

बाबांना सोबत नेलं तर त्यांच्या गुडघ्यांच्या चालीने चालावं लागेल, म्हणून ‘रविवारीही ऑफिस आहे’ अशी थाप मारून आम्ही नवरा-बायको बलून फेस्टिव्हलला गेलो. वर गेल्यावर कळलं की बलून आपण म्हणू तिकडे जात नाही, वारा नेईल तिकडे जातो. वाऱ्याने नेमकं आमच्याच घरावर नेलं. गच्चीत बाबा आमचे कपडे वाळत घालत होते. आम्ही दोघं चटकन टोपलीत खाली बसलो.

संध्याकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, “आज घरावरून ते मोठाले फुगे गेले. सगळ्यांत माणसं होती, एकात मात्र चालवणारा एकटाच होता बिचारा.


म्हणून तो दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत राहिलो.”