मागच्या खोलीतला दिवा

"पासवर्ड मी कुणाला सांगत नसते," मावशी म्हणाली. "तोंड तिकडं कर. मी टाकते."

नेटवाला हसला आणि भिंतीकडं वळला. मावशीनं चष्मा नाकावर ओढला आणि सुईत दोरा ओवावा तसं एकेक अक्षर फोनवर टाकत बसली. जन्म शिवणकामात गेलेला. घाई म्हणजे काय ते बाईला ठाऊकच नव्हतं.

"मावशी, अजून ऐका. नेटचा नवा डबा, नेटला नवं नाव, नवा पासवर्ड. जुनं कशाला उकरायचं?"

आल्यापासून त्यानं हेच टुमणं लावलं होतं.

"मला उकरायचंच आहे. तू तुझं काम कर, बाबा."

नेटचं नाव लेकीनं ठेवलेलं. 'फुकट मिळणार नाही.' शेजारीपाजारी टपून बसलेले असतात, म्हणून. नेट बसवलं त्या दिवशी आईलाच दम भरला होता तिनं, "कुणाला पासवर्ड दिलास तर बघ!" पुढच्या महिन्यात पोर मागच्या लोखंडी जिन्यावरून पडली आणि गेली. मावशीनं डब्याची वायर उपटली, ती परत लावलीच नाही. पडून पडून डबाही मेला.

"एवढं सगळं एका दिव्यासाठी?" नेटवाल्यानं विचारलं.

"तिच्या खोलीतला आहे. नेटवर चालणारा. अंधार पडला की आपला आपण लागायचा, निळा. तो लागलेला बघायचाय मला. पण का रे, त्याला पासवर्ड कोण सांगणार? सांगणारी तर गेली."

"सांगायला नको. नाव तेच, पासवर्ड तोच, मग तो आपण होऊन जोडला जातो. एकदा ज्याला सांगितलाय तो विसरत नाही."

"आणि ज्याला सांगितलाच नाही?"

"त्यानं उंबऱ्यावर कपाळ फोडून घेतलं तरी आत शिरकाव नाही."

मावशीला हे फार आवडलं. माणसांपेक्षा बरं म्हणायचं!

"तुमचा फोन राहू दे माझ्याकडंच, मावशी. पुढचा डबा जोडायला लागेल. माझा बंद पडलाय," असं म्हणून त्यानं आपला फोन शिलाई मशीनवर ठेवला.

"चालू असून काय दिवे लावणार होता? ह्या घरात रेंज नाही. फोनवर बोलायचं तर रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागतं. आमच्या भिंती बघ, तोफ झेलतील. गल्ली तरी सापडली का नीट?"

"कसली! पहिल्यांदाच आलो ह्या भागात. चार जणांना विचारलं तेव्हा लागलं घर."

सिग्नल मागं पोचेना, म्हणून दुसरा छोटा डबा लेकीच्या खोलीत बसवायचा होता. मावशीनं कुलूप काढलं. चौकट बुटकी. नेटवाला बॅग सांभाळत मान खाली घालून आत गेला.

"शहाणा आहेस," मावशी म्हणाली. "त्या दिवशी आलेल्या पोलिसानं डोकं आपटलं होतं. हे एवढं टेंगूळ!"

"भिंती बघायची सवय, मावशी."

खोलीत शिळा वास होता. कॉट, टेबल, टेबलावर काळा पडलेला दिवा. तो स्टुलावर चढला आणि मावशी कॉटच्या कडेला टेकली.

"सगळे म्हणाले, घरात एकटीच होती. पाय घसरला. पण मी परत आले, तर मोरीत दोन कप धुऊन पालथे ठेवलेले. माझ्या पोरीनं जन्मात कप विसळला नव्हता रे! पोलीस म्हणाला, बाई, कपावरून काय होतंय?"

नेटवाल्याच्या हातातून स्क्रू निसटला आणि कॉटखाली गेला. तो खाली बसून बराच वेळ चाचपडत राहिला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो कॉटखालूनच म्हणाला.

मावशी उठून बाहेरच्या खोलीत गेली. मशीनवर त्याचा फोन मुका पडलेला. लेकरू दिवसभर दारोदार हिंडतंय, घरी कुणी वाट बघत असेल. तिनं आपला चार्जर त्याला लावला, बटण दाबून तो चालू केला आणि परत आत येऊन बसली.

बाहेर अंधारून आलं. छोट्या डब्यावर हिरवा ठिपका लुकलुकला, मग स्थिर झाला. दोघंही टेबलाकडं बघत राहिली.

दिवा लागला. निळा. कुणी हात न लावता.

मावशीनं पदर तोंडाशी धरला. पोर आत्ताच उठून पाणी प्यायला गेलीय, असंच वाटत होतं.

"विसरला नाही बघ," ती पुटपुटली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत टिंग झालं. मग आणखी एक. मग टिंग, टिंग, टिंग, थांबेचना. साठलेले निरोप एकावर एक येऊन पडत होते.

मावशीनं नेटवाल्याकडं बघितलं. तिचा फोन तर त्याच्याच हातात होता. गप्प.

"तुमचा चार्जर..." तो म्हणाला. "मावशी, थांबा. मी बघतो."

मावशी थांबली नाही. मागं चौकटीवर डोकं आपटल्याचा आवाज आला, तिनं वळूनही बघितलं नाही. तिनं चष्मा नाकावर ओढला आणि मशीनवरचा त्याचा फोन उचलला.

वर कोपऱ्यात नेटची पंख्यासारखी खूण पूर्ण भरलेली होती. खाली तो कुठल्या नेटला जोडला गेलाय ते आलं होतं:

फुकट मिळणार नाही.